लंडनआबांची पेन्सिल

लंडनआबा आयुष्यात कधी लंडनला गेले नाहीत. पासपोर्ट काढला नाही, विमानात बसले नाहीत, आणि मुंबईला जाणं भाग पडलं तरी काम उरकून त्याच दिवशी परतीची गाडी धरायचे. धुळ्यात पांझरेच्या पलीकडे, देवपुरातल्या दोन खोल्या आणि ओसरीच्या घरात त्यांची सगळी हयात गेली. पण साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या लंडनबद्दल विचारलं की त्यांना थांबवणं अवघड. कुठल्या गल्लीत कॉफीची दुकानं होती, नदी ओलांडायला होडी कुठं मिळायची, साथ आली तेव्हा कोणत्या वस्तीतली दारं आधी बंद झाली, हे सगळं ते पिंपळनेरचा आठवडे बाजार सांगावा तसं सांगायचे. आत्ताच्या लंडनबद्दल मात्र ते अगदी कोरे होते. एका मुलानं तिथल्या विमानतळाचं काहीतरी विचारलं, तर म्हणाले, "असेल बुवा. आमच्या वेळी नव्हतं."

ते आम्हाला कॉलेजात जुनं इंग्रजी गद्य शिकवायचे. म्हणजे पहिलेवहिले निबंधकार, रोजनिशी लिहिणारे, पत्रं लिहिणारे, प्रवासाच्या हकिगती लिहिणारे असे सगळे. विषय ऐच्छिक होता, आणि खरं सांगायचं तर त्याची इच्छा कुणालाच नव्हती. मी तो घेतला, कारण शनिवारी त्याचा तास साडेअकराला सुटायचा आणि मला गावाकडची बाराची एसटी मिळायची. आमच्या अकराजणांच्या वर्गात बाकीच्यांची कारणंही साधारण याच तोलामोलाची होती. आबांना ते ठाऊक होतं. पहिल्याच तासाला त्यांनी प्रत्येकाला हा विषय का घेतला ते विचारलं, सगळ्यांची थातुरमातुर उत्तरं ऐकून घेतली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बारा वाजेनी गाडी ना? चांगली शे. खिडकीपाशी बसत जा. बघायला मिळतं."

त्या परक्या, मेलेल्या, विग घालणाऱ्या माणसांची त्यांनी आमच्याशी नाती लावून दिली होती. सरकारी कचेरीत नोकरी करून रोज न चुकता रोजनिशी लिहिणारे एक गृहस्थ होते, ते आमचे 'नाना'. शहरात साथ आली, आग लागली, तरी जेवायला काय होतं आणि बायकोशी कशावरून वाजलं हे लिहायचं त्यांनी सोडलं नाही. मोजून मापून लहान निबंध लिहिणारे, ज्यांच्या वाक्यातला एक शब्द काढता येत नाही, ते 'भाऊ'. लेकीला लांबलचक पत्रं लिहिणारी एक बाई होती, ती 'अक्का'. आबा पुस्तक उघडायचे, इंग्रजी दोन ओळी वाचायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि अहिराणीत सुरू व्हायचे, "नानाना घरमा आज भांडन शे बरं का. मोलकरणीनं काहीतरी सांडलं, नि नाना उगाच बायकोवर तापी गया." मग आम्हाला ते भांडण आमच्याच आळीतलं वाटायचं. ज्या भाषेला शहरातली मुलं नाकं मुरडायची, ती इंग्रजीच्या तासाला उजळ माथ्यानं आत आलेली मी पहिल्यांदा तिथं पाहिली.

या नातेवाईकपणानं एकदा चांगलाच घोळ झाला. परीक्षेच्या पेपरात आम्ही अकराच्या अकराजणांनी उत्तरं लिहिली ती 'अकॉर्डिंग टू नाना' आणि 'भाऊ सेज' अशी. तीन तासांच्या गडबडीत खरी नावं कुणाच्या डोक्यातच आली नाहीत. वर्षभर ती कानांवर पडली असतील तर ना. तपासणारे बाहेरगावचे. त्यांचं पत्र आलं की अभ्यासक्रमात नाना या नावाचे कुणी इंग्रज लेखक आढळत नाहीत, तरी खुलासा व्हावा. प्राचार्यांनी आबांना बोलावलं. आम्ही दाराबाहेर चपला सरळ करत, वाकून कान देऊन उभे. आबांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि शांतपणे म्हणाले, "सर, पोरांनी नाव चुकवलं, माणूस चुकवला नाही." आमचे सगळ्यांचे गुण कापले गेले ते गेलेच. त्यानंतर आठवडाभर आबा तास सुरू होताना खरी नावं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचे, आणि ती लिहून झाली की फळ्याकडे पाठ करून म्हणायचे, "हं, तर नाना कुठपर्यंत आले होते?"

आबांची पेन्सिल कायम कानावर असायची, सुताराची असते तशी. लाल शाई त्यांनी कधी वापरली नाही. त्यांचा नियम एकच होता, रोज एक पान. काल काय घडलं ते लिहायचं. अहिराणीत लिहा, मराठीत लिहा, जमलं तर इंग्रजीत लिहा, पण एक पान पाहिजे. "बठ्ठं लिखा, काही दपाडू नका," असं ते बजावायचे. लपवलेलं त्यांना कसं कोण जाणे लगेच सापडायचं. सकाळी पान द्यायचं, दुसऱ्या दिवशी ते परत मिळायचं, आणि समासात बारीक अक्षरात पेन्सिलीनं एक प्रश्न असायचा. एकच. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी द्यायचं. कुणी 'सुंदर सकाळ होती' असं लिहिलं की समासात 'कशावरून?' 'म्हातारा रागावला' असं लिहिलं की 'त्याच्या हातात तेव्हा काय होतं?' मी एकदा, पाहुणे आले आणि खूप मजा आली, असं लिहून टाकलं होतं, तर समासात होतं, 'कुणाला?' त्या एका शब्दानं मी दोन दिवस चिडून होते. कारण पाहुणे आल्यावर चुलीपुढून न उठलेल्या माणसाला मजा आली नसणार, हे मला माहीत होतं.

"सर, तुम्ही स्वतः पान लिहिता का?" असं आम्ही त्यांना वारंवार विचारायचो. ते म्हणायचे, "माझं नंतर." त्यांच्या घरी पलंगाखाली एक पत्र्याची पेटी होती, आणि तिच्यात त्यांची तीस-चाळीस वर्षांची रोजनिशी आहे अशी वर्गात पक्की समजूत होती. तिच्यात आपल्याबद्दल काय लिहिलं असेल, या विचारानं मुलं त्यांच्यासमोर जरा जपून वागायची. त्यांच्या पत्नीला आम्ही खऱ्याखुऱ्या अक्का म्हणायचो. त्या चहा देताना पायानं ती पेटी आत सरकवायच्या, त्यामुळे आमचा संशय आणखी पक्का झाला.

आता माझ्या त्या पानाबद्दल सांगते. हे सांगायला मला अजून जड जातं.

एका रविवारी मी घरी, गावाला होते. पिंपळनेरच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी आमची वस्ती. आईचा तो सगळा दिवस मी पहाटेपासून नजरेत धरला होता. हापशीवरून पाणी, कळण्याच्या भाकरी, दुसऱ्याच्या रानात कांद्याची लागवड, दुपारून घरी येऊन अंगण सारवणं, मग उंबऱ्यात बसून ठिगळ लावणं. सगळं लिहिलं. भाकरी थापताना ती डावा गुडघा कसा वर घ्यायची, कांद्याच्या रोपांची जुडी कमरेला कशी खोवायची, पौर्णिमेच्या बुद्धवंदनेला नेसायचं पांढरं लुगडं तिनं कुठं घडी करून ठेवलं होतं, हेसुद्धा. दोन्ही बाजू भरल्या. मला वाटलं, आबा हे वर्गात वाचतील. इतकं चांगलं पान माझ्या हातून तोपर्यंत झालं नव्हतं, आणि हे मला लिहितानाच कळलं होतं.

मंगळवारी पान परत आलं. समासात होतं, 'आई दिवसभर एक शब्दही बोलली नाही?'

मला इतका राग आला की कान तापले. आई बोलली होती. काय बोलली तेही मला शब्दन् शब्द आठवत होतं. मी ते ठरवून गाळलं होतं. वसतिगृहातल्या मुली माझ्या अहिराणी 'शे' आणि 'येस'ची नक्कल करायच्या, मी खोलीत शिरले की 'काय शे वं?' म्हणून हसायच्या. आबा वर्गात पान वाचणार आणि माझी आई सगळ्यांसमोर तशी बोलणार, हे मला नको होतं. तिचे हात चालतील, तिचे कष्ट चालतील, तिचं तोंड तेवढं नको. लाजच वाटत होती मला तिची, दुसरा शब्द नाही. आबांनी त्याच्यावर नेमकं बोट ठेवलं होतं. संध्याकाळी पांझरेच्या पुलावर मी त्या पानाचे बारीक तुकडे केले आणि खाली टाकले. नदीला पाणी नव्हतं. तुकडे वाळूवर पडून राहिले, आणि मी कुणी बघतंय का ते बघून निघून आले.

दुसऱ्या दिवशी आबांनी उत्तर मागितलं. मी म्हटलं, "सर, पान हरवलं."  त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, परत कानावर ठेवली. म्हणाले, "पान हरवू दे. उत्तर हरवू नको."

पुढे पदवी झाली, बी.एड. झालं, लग्न झालं. नवरा दीपनगरला वीजकेंद्रात, म्हणून मी तिथल्याच एका शाळेत लागले. वर्षातून एकदोनदा धुळ्याला जाणं व्हायचं, तेव्हा देवपुरात एक चक्कर असायचीच. आबा निवृत्त झाले होते. त्यांचा विषय त्यांच्यामागून दोन वर्षांत बंद पडला. कारण दहा मुलं होत नव्हती. त्याबद्दल ते कडवटपणे कधी बोलले नाहीत. नुसतं म्हणायचे, "नानांना सवय आहे. त्यांची रोजनिशी मध्ये कित्येक वर्षं तशीच पडून होती, कुणाला वाचता येत नव्हती." आणि निघताना, चपला पायात घालत असताना, दर वेळी न चुकता विचारायचे, "उत्तर आणलं का?" मी हसून वेळ मारून न्यायचे.

मग आई गेली. दोन दिवस ताप आला आणि गेली, साक्रीच्या दवाखान्यापर्यंतसुद्धा नेता आलं नाही. हार घालायला तिचा एकही धड फोटो नव्हता. ओळखपत्रावरचा होता तोच मोठा करून आणला, तर त्यात ती घाबरलेली दिसते, कारण कॅमेऱ्यासमोर बसवल्यावर ती घाबरलीच होती. ती बाई माझी आई नाही. माझी आई त्या पानावर होती. तिचा एक आख्खा दिवस मी लिहून काढला होता आणि पुलावरून वाळूत टाकला होता. ते पान मी पुन्हा लिहायचा किती प्रयत्न केला. गुडघा आठवतो, पण कोणता ते आठवत नाही. कांद्याची जुडी आठवते, पण ती खोवायची कुठं? शाळा सुटल्यावर मोकळ्या वर्गात बसून मी कागद पुढे ओढायचे, आणि चार ओळींत सगळ्यांच्या आया होतात तशी ती होऊन जायची. त्या दिवसांत मला आईइतकीच त्या पानाची आठवण यायची, आणि याची मला शरम वाटायची.

आबांना मी शेवटचं भेटले ते गेल्या दिवाळीनंतर. पायांना सूज होती, पलंगावर टेकून बसले होते. पेन्सिल कानावर होतीच. मी त्यांना पहिल्यांदाच खरं सांगितलं. पान हरवलं नव्हतं, मी फाडलं होतं. ते म्हणाले, "माहीत शे. पुलावरून आमचे चिरंजीव येत होते. घरी येऊन म्हणाले, तुमची एक विद्यार्थिनी नदीला कागद चारते आहे." मग जरा दम घेऊन, नेहमीचं, "उत्तर?"

"सर, आता पानच नाही, तर उत्तर कुठं लिहू?"

"पानाचं बघू. आधी उत्तर आण."

मला वाटलं, थट्टा करताहेत. मला आईचं ते वाक्य तिथल्या तिथं सांगता आलं असतं, एवढंसं तर होतं. पण ओठांवर येईना. आई गेल्यापासून मी अहिराणी बोललेच नव्हते, घरी बोलायला माणूसच उरलं नव्हतं. म्हटलं, "पुढच्या खेपेला नक्की." ते म्हणाले, "बरं. गाडीत खिडकीपाशी बस."

पुढची खेप आली ती त्यांच्या दहाव्यानंतर. मला उशिरा कळलं. अक्का ओसरीवर बसल्या होत्या, मुलगा कामावर गेला होता. मी काही बोलायच्या आतच त्या उठल्या, आत गेल्या आणि म्हणाल्या, "ये. ती पेटी ओढ. मन्ही कंबर चालत नही."

ती पेटी. आमचं सगळ्यांचं आयुष्यभराचं कुतूहल पलंगाखालून बाहेर आलं. झाकण उघडलं, तर आत एकावर एक वह्या, प्रत्येकीवर वर्ष. मी भीतभीतच वरची उघडली. आबांचं अक्षर, पण लिहिलेलं आबांचं नव्हतं. 'आज बैलाच्या शिंगाला रंग लावला, भाऊला शिंक आली.' खाली कंसात एका मुलाचं नाव. पुढचं पान दुसऱ्या मुलाचं. त्याच्या पुढचं एका मुलीचं, दोंडाईच्याहून येणारीचं. पान आमचं, अक्षर त्यांचं, आणि समासात पेन्सिलीचा प्रश्न जसाच्या तसा. प्रश्नाखाली त्या त्या मुलानं दिलेलं उत्तरही होतं. वह्यांमागून वह्या अशा. स्वतःचं एकही पान त्यांनी लिहिलेलं नव्हतं.

"रोज संध्याकाळचा चहा झाला की बसायचे उतरवायला," अक्का म्हणाल्या. "सकाळी पोरांना पानं परत द्यायची असायची ना. मी म्हणायची, अहो, लोकांचं काय उतरवता, आपलं काही लिहा. तर म्हणायचे, आपलाकडे काय घडस वं? पानी येस नि पानी जास. घडतं ते पोरांच्या घरी."

आमच्या वर्षाची वही आबांनी वेगळी काढून ठेवली होती. खुणेला एसटीचं जुनं तिकीट घातलेलं होतं. मी ते पान उघडलं. उजवा गुडघा नाही, डावाच. जुडी कमरेला, डाव्या अंगाला. पांढरं लुगडं पत्र्याच्या डब्यात, सगळ्यात वर. आई पहाटे उठली, हापशीवर गेली, भाकरी केल्या, कांदे लावून आली, अंगण सारवलं आणि उंबऱ्यात बसली. मी वाचत होते आणि ती माझ्यासमोर दिवसभर काम करत होती. समासात प्रश्न होता. आई दिवसभर एक शब्दही बोलली नाही? आणि प्रश्नाखाली चार ओळी कोऱ्या सोडलेल्या होत्या. बाकी कुणाच्या पानात अशी जागा रिकामी नव्हती. पुढचं पान त्यांनी या चार ओळी सोडून मगच सुरू केलं होतं, त्या सोमवारी संध्याकाळी, आणि इतकी वर्षं ती जागा तशीच होती.

अक्कांनी देवळीतली पेन्सिल आणून दिली. आबा गेले तेव्हा त्यांच्या कानावरून काढून अक्कांनीच ती तिथं ठेवली होती. मी लिहिलं. अक्षर नीट काढलं. मग अक्का म्हणाल्या, "मोठ्यानं वाच. मले चष्मा लागस."

मी वाचलं. किती दिवसांनी ती भाषा माझ्या तोंडातून बाहेर आली. आई उंबऱ्यात ठिगळ लावत होती, मी समोर वही घेऊन बसले होते. तिनं मान वर केली आणि विचारलं, "मन्हं लिखी ऱ्हायनी का वं? लिख. पन लुगडं फाटेल शे, ते नको लिखू."

अक्का हसल्या, आणि मग त्यांनी पदर तोंडाला लावला. बाहेर नळाला पाणी आलं होतं, बादली भरून वाहत होती, पण त्या उठल्या नाहीत. माझ्या हातातली वही त्यांनी स्वतःकडे वळवली, चष्म्याशिवाय वाचता येत असावं तशी पाहिली आणि म्हणाल्या, "मंग? तू काय बोलनी तिले?"

मी काहीच बोलले नव्हते. खाली मान घालून लिहीत राहिले होते. चारांपैकी दोन ओळी अजून कोऱ्या होत्या. पेन्सिल पुन्हा उचलली आणि तिसऱ्या ओळीवर तेही लिहिलं.